विद्यापीठातला स्मारक चौक: आधी सावली की आधी फरशी?

केगावकर: आपल्या सोलापूर विद्यापीठाला 2019 साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव मिळालं. त्या नावाला साजेसा चौक आणि तिथपर्यंत चालत जायची वाट आवारात व्हावी, असं मला मनापासून वाटतं. पण आधी दुतर्फा कडुनिंब आणि चिंच लावा, फरशीचं नंतर बघू. जयंती येते 31 मेला. त्या दिवसांत सोलापुरात पारा 42 च्या पुढे जातो, उघड्या ग्रॅनाइटवर दुपारी कोण थांबेल? ज्यांनी वाटसरूंसाठी विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या स्मारकात चालणाऱ्याला सावली आणि प्यायला पाणी मिळालंच पाहिजे.

माजी विद्यार्थी: अजिबात पटलं नाही. स्मारक लांबून दिसायला हवं. झाडांत पुतळा झाकला की चौकाची बाग होते. जयंतीला लेझीमची पथकं उभी कुठं राहणार? शिवाय मुळं फरशी उचलतात, मग व्हीलचेअर कशी जाणार? सावलीच पाहिजे तर वर पत्रे टाका.

केगावकर: मधलं पटांगण मोकळंच ठेवा, झाडं कडेनं. पत्रा मात्र नको, मे महिन्यात त्याखाली भट्टी होते. आणि मुळं फरशी उचलतात ती अळं वीतभर ठेवून बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतल्यावर. अळं ऐसपैस ठेवा, झाडाजवळ पेव्हर नुसते वाळूवर बसवा. उचकटले तर काढून पुन्हा बसवता येतात, पाणीही मुरतं. बाकी वाटेला खडबडीत शहाबादी चालेल, ती पावसात पॉलिशच्या ग्रॅनाइटसारखी निसरडी होत नाही. रॅम्पचा चढ 12 फुटांना 1 फुटापेक्षा जास्त नको.

नवी पेठ: वाटेवर चार हुतात्म्यांनाही जागा द्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. सोलापूरच्या विद्यापीठात त्यांचा उल्लेख नसावा?

माजी विद्यार्थी: आदर आहेच, पण त्यांचा चौक शहरात आहे. एकाच वाटेवर सगळे आणले तर मुलं कुणाचंच धड वाचणार नाहीत.

नवी पेठ: शहरातल्या चौकात गाड्यांच्या गर्दीत थांबून वाचता कुठं येतं? इथं चार बाक ठेवा, प्रत्येकापाशी एकाची माहिती. 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, काय होता, हे इथल्या पोरांना बाकावर बसून वाचता यावं.

एमएस्सी दुसरं वर्ष: मला एवढंच सांगायचंय, की वाट चौकात संपवू नका. फाटकापासून चौकातून पुढं वर्गांना आणि ग्रंथालयाला जोडा, दिवे लावा, म्हणजे संध्याकाळी सातला एकटी मुलगीही तिथून जाईल. नाहीतर जयंती सोडली तर तिकडं कुणी फिरकणार नाही.

माजी विद्यार्थी: हे पटलं. झाडांचं अजून नाही. रोपाची सावली पडायला पाच-सात वर्षं जातात, तोवर काय?

केगावकर: तोवर वेलींचे मांडव. आणि पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते कामाच्या निविदेतच लिहून घ्या. वसतिगृहाचं सांडपाणी शुद्ध करून ठिबकनं देता येईल.

माजी विद्यार्थी: निविदेत देखभाल येणार असेल तर कडेच्या झाडांना माझी हरकत नाही. पुतळ्यासमोर मात्र एकही नको.