नऊ वर्षांच्या अनुभवाचा सीव्ही किती पानी असावा?

वाडीकर_बडोदा:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा, नऊ वर्षांचा अनुभव, सध्या मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. हालोलला सीनियर इंजिनियरची जागा निघाली आहे. माझा सीव्ही चार पानी झालाय. मेहुणे म्हणतात, एका पानापुढे कोणी बघत नाही. कंपनीतले मित्र म्हणतात, अनुभव आहे तर दिसू दे की! फाँट 8 करून दोन पानांत बसवला तर चालेल का?

दांडियाबाजारचे_काका:
फाँट मुळीच बारीक करू नकोस रे बाबा. 11 ठेव, फार तर साडेदहा. मी बरीच वर्षं क्वालिटी हेड म्हणून माणसं निवडायला बसलो आहे. शिफ्टच्या गडबडीत गठ्ठा हातात येतो, तेव्हा बारीक अक्षरातलं पान बाजूलाच पडतं, आणि चांगला मुलगा हातचा जातो याचं मला फार वाईट वाटायचं.

फ्रेशरला एक पान भरपूर. तुला दोन. पण ती दोन पानं कशाने भरतोस, ते महत्त्वाचं. ‘सर्व प्रकारचे इन्स्पेक्शन केले’ यातून मला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिही: ‘2 ते 12 इंची गेट आणि ग्लोब व्हॉल्व्हची एपीआय 598 प्रमाणे हायड्रो टेस्ट, थर्ड पार्टी इन्स्पेक्टरसमोर विटनेस, सीट लीकेजचं रिजेक्शन कमी करण्यासाठी लॅपिंगची पद्धत बदलली.’ रिजेक्शन किती होतं आणि किती झालं, तो खरा आकडाही घाल. एवढ्यावरून मी इंटरव्ह्यूत अर्धा तास प्रश्न विचारू शकतो.

आत्ताच्या नोकरीला सगळ्यात जास्त जागा दे, आधीच्या नोकरीला तीन-चार ओळी, पहिलीला एकच. दहावीची टक्केवारी, शाळेतली बक्षिसं, ‘वरील माहिती सत्य आहे’ हे सगळं काढ. एक पान तिथेच वाचेल.

प्रतापगंज_ताई:
काकांचं कारखान्यासाठी अगदी बरोबर. मात्र कोणी एम. एस. युनिव्हर्सिटीत किंवा कॉलेजात शिकवण्यासाठी अर्ज करत असेल, तर हा हिशेब लावू नका. तिथे शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय असं सगळं सविस्तर लागतं. पाच-सहा पानं झाली तरी हरकत नाही, एकही पेपर गाळू नका.

वाडीकर_बडोदा:
काका, ताई, मनापासून आभार. वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो ठेवू का? पुढेमागे कॅनडालाही अर्ज करायचा विचार आहे.

दांडियाबाजारचे_काका:
हालोलला हवं असेल तर ते फॉर्ममध्ये भरून घेतील, सीव्हीत नको. कॅनडासाठी तर फोटो आणि जन्मतारीख घालूच नकोस, तिकडे तशी पद्धत नाही. आणि दोन कॉलमचा रंगीत नमुना टाळ. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि चौकटीतला मजकूर कधीकधी त्याला नीट उचलता येत नाही. साधं एका कॉलमचं पीडीएफ कर. पाठवण्याआधी इथे टाक, कंपनीचं नाव आणि फोन नंबर झाकून. मी बघतो.