रडेपर्यंत थांबायचं कशाला?

झोपमोड:
लेक पाच आठवड्यांची. सासूबाई म्हणतात, रडली की पाज. नवऱ्याने दर तीन तासांचा गजर लावलाय. मला दोन्ही पटत नाही. रडायच्या बऱ्याच आधी ती चुळबुळते, तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवते, मूठ चोखते. तेव्हाच जवळ घेतलं तर निवांत पिते. रडून लालबुंद झाली की धड तोंडात धरतही नाही, आधी तिला शांत करण्यातच वेळ जातो. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे हो, पहिली नाही.

गजरवाला बाबा:
असहमत. आमचा सुरुवातीला इतका झोपाळू की कसली खूणच नाही. जन्माचं वजन भरून येईपर्यंत दोन-तीन तासांनी उठवून पाजा, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. खुणांच्या भरवशावर बसलो असतो तर अवघड होतं.

झोपमोड:
ते मान्य. पण वजन भरल्यावरही गजर? २४ तासांत ८ ते १२ वेळा पितात, म्हणून काय सारख्या अंतराने? आमची संध्याकाळी तासातासाला मागते आणि मग मोठी झोप काढते.

दोन नातवंडांची आजी:
सासूबाईंवर घसरू नका. रात्री अंधारात चुळबूळ कोणाला दिसते? रडणं निदान ऐकू तरी येतं.

मूठचोखूची आई:
मुठीवर फार विसंबू नका. तीन-चार महिन्यांपासून हाताला लागेल ते तोंडातच जातं. मी दर वेळी पाजायला घ्यायचे आणि हा तोंड फिरवायचा. आता मी त्याची बोटं बघते. भुकेला असला की मुठी घट्ट, पोट भरलं की हात सैल.

गजरवाला बाबा:
हे पोट भरल्याचं बरं काढलंत. बाटलीत उरलेलं थोडंसं संपवायलाच लावायचो मी. तो ओठ मिटायचा, मी बाटली पुन्हा लावायचो. तिथे चुकलो.

दोन नातवंडांची आजी:
सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू झालं की तेच. चमचा दिसताच पुढे झुकलं तर भूक, मान फिरवली तर पुरे. मात्र आमची मोठी नात खेळ दिसला तरी मान फिरवायची! दोन मिनिटांनी परत विचारावं.

झोपमोड:
आजी, अंधाराचं पटलं. पाळणा पलंगाला लावून घेतलाय, चुळबूळ ऐकू येते. गजर बंद. नवरा आता ओले डायपर मोजतो, काल सात झाले. त्याला आकडा लागतोच.