मदत हवी आहे: मोजलं तर सरळ, अंथरलं की तिरकं

वेलबुट्टी
पॅचवर्कची चादर शिवतेय. चौकोनांच्या आडव्या ओळी आणि दोन ओळींच्या मधे पट्टी. सगळं मापात कापलंय, टीप सरळ आहे, मोजपट्टीने मोजून झालंय. तरी अंथरली की ओळी तिरक्या! कुठे निमुळत्या, कुठे फुगलेल्या. एकदा सगळ्या ओळी उसवून परत जोडल्या, परत तेच. भेट द्यायची आहे आणि वेळ अजिबात नाही. मशीन नीट आहे, त्यावर प्रवचन नको. काय करू?

टीपकागद
प्रवचन नाही, पण मशीनच. खालचं कापड मशीनच्या दातांमुळे पुढे सरकतं, वरचं मागे राहतं. लांब टीप मारली की फरक दिसणारच. वॉकिंग फूट लावा, म्हणजे वरचं कापडही बरोबरीने पुढे सरकवणारा मशीनचा पाय. दुसरा इलाज नाही.

गुण्या_हातात
कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, कापलं गेलंय का? उरेब कापड नुसत्या हाताळण्याने ताणतं. आणि इस्त्री दाबून करा, घासून नको. कापड कुठलं ते लिहा आधी.

वेलबुट्टी
सुती आहे, सरळ धाग्यावर कापलंय. इस्त्रीही नीटच केलीय.

नंबरवाला
डोळे तपासून घ्या. चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर अंगावर काढला की रेघा अशाच दिसतात. माझं हेच झालं होतं.

वेलबुट्टी
घरात सगळ्यांना तिरकंच दिसतंय. सगळ्यांना एकदम नंबर लागला का?

रेघोटी
ताई, महत्त्वाचं तेच तुम्ही लिहिलं नाहीये. चौकोनांचे रंग कोणते? मधली पट्टी कोणत्या रंगाची, किती रुंद? ओळी एकाखाली एक आहेत की सरकवलेल्या? आणि प्रत्येक ओळीची उंची डाव्या-उजव्या टोकाला मोजून सांगा.

वेलबुट्टी
रंगाचा काय संबंध? काळे-पांढरे आहेत. एकाआड एक ओळ अर्धा चौकोन सरकवलीय, विटा रचतात तशी. पट्टी म्हणजे राखाडी रिबन आहे, बारीक, जोडावर वरून शिवलेली. उंची दोन्ही टोकांना सारखी. पण दिसताना एक ओळ डावीकडे निमुळती, तिच्याखालची उजवीकडे.

रेघोटी
मग काहीही उसवू नका! तुमची शिवण सरळ आहे. याला कॅफे वॉल भ्रम म्हणतात. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमधल्या एका कॅफेच्या भिंतीवर अशाच काळ्या-पांढऱ्या टाइल्स होत्या. रिचर्ड ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सरकवलेल्या बुद्धिबळाच्या पटाची अशीच आकृती दिली होती, फक्त तिच्यात मधल्या रेघा काळ्या होत्या.

होतं असं की एकाच राखाडी रेघेच्या वर कुठे काळा चौकोन येतो आणि खाली पांढरा, कुठे उलट. त्या-त्या जागी रेघेची कड किंचित कलल्यासारखी वाटते. सुट्टा कल नजरेत भरणारही नाही, पण रेघभर सगळे कल एकाच बाजूचे असतात आणि मेंदू ते जोडून अख्खी रेघच तिरकी ठरवतो. पुढची ओळ उलट बाजूला सरकलेली असल्यामुळे तिथे कलही उलटा. म्हणून एक डावीकडे निमुळती, एक उजवीकडे.

टीपकागद
पुस्तकी आहे हे. ताई, फोटो काढून बघा. फोटोतही तिरकं आलं तर शिवणच तिरकी. कॅमेऱ्याला भास होत नाही.

रेघोटी
कॅमेऱ्याला होत नाही, पण फोटो बघणार कोण? त्यात तिरकंच दिसणार. फोटोवर मोजपट्टी ठेवा, मग कळेल. किंवा चादरीच्या कडेशी डोळा अगदी खाली नेऊन रिबनच्या लांबीच्या दिशेने बघा.

वेलबुट्टी
बघितलं. खाली वाकून बघितलं तर सरळ, उभी राहिले की तिरकं. डोकं फिरायची वेळ आलीय. पण भेट घेणारे काय जमिनीवर लोळून बघणार आहेत? उपाय सांगा.

नंबरवाला
एक डोळा झाकून बघा. मग तिरकं दिसलं नाही तर नंबरच.

रेघोटी
एका डोळ्यानेही हा भास तसाच होतो. दोन डोळ्यांच्या मेळाशी त्याचा संबंध नाही.

चंद्रकोर_७
क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो तेही असंच का? तिथे हवेमुळे भिंगासारखं होतं असं वाचलंय.

शून्यखोली
हवेमुळे चंद्र मोठा होत नाही, उलट क्षितिजाशी किंचित चपटा दिसतो. फोटोत रुंदी मोजा, तीच भरते, अर्धा अंश. पण त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

मोरपिशी
कापडाचा विषय निघालाच आहे म्हणून: आडव्या पट्ट्यांच्या कपड्यात माणूस जाड दिसतो, त्यामुळे भेट म्हणून उभ्या पट्ट्याच बऱ्या.

शून्यखोली
चादर आहे ती, कोणी घालणार नाहीये. शिवाय हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच उलटं दाखवलंय: आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच वाटतो, उभ्या रेघांचा रुंद.

मोरपिशी
आरसा रोज बघते मी. हेल्महोल्ट्झने किती कुर्ते शिवले होते?

गुण्या_हातात
अवांतर, पण कापडाचंच: त्स्योल्नर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला कापडावरच्या नक्षीत समांतर रेघा तिरक्या दिसल्या होत्या. लांब रेघांवर तिरप्या छोट्या रेघा होत्या. १८६० मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं, त्या भ्रमाला आज त्याचंच नाव आहे. म्हणजे ताई, तुम्ही एकट्या नाही. उरेबचा मुद्दा मागे घेतो.

वेलबुट्टी
छान. आता चादरीचं बोला.

रेघोटी
रिबन वरून शिवलीय हे नशीब. चौकोनांना हात लावू नका, फक्त रिबन बदला. रिबनचा उजळपणा काळ्या आणि पांढऱ्याच्या मधला असला की भास जोरात होतो. म्हणून काळीकुट्ट किंवा पांढरीशुभ्र घ्या. आणि रुंद घ्या, बारीक रेघेवर हा भास जास्त चढतो.

टीपकागद
लाल लावा की. उठून दिसेल, तिरकेपणाकडे लक्षच जाणार नाही.

रेघोटी
लाल, निळा, हिरवा, उजळपणात सगळे काळ्या-पांढऱ्याच्या मधेच पडतात. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा, लाल रिबन राखाडी दिसेल.

शून्यखोली
काळी लावून पूर्ण जाईल असं मात्र सांगू नका. म्युन्स्टरबर्गच्या आकृतीत रेघा काळ्याच होत्या. कमी होईल, इतकंच. खात्रीचा उपाय एकच, अर्ध्याऐवजी पूर्ण चौकोन सरकवा. सरळ बुद्धिबळाचा पट होईल आणि भास संपेल.

वेलबुट्टी
परत उसवणं शक्य नाही. त्यापेक्षा देणारच नाही.

रेघोटी
आधी कागदाच्या काळ्या पट्ट्या कापून रिबनवर टाचण्यांनी लावून बघा. रुंदी बदलत जा आणि लांब उभं राहून बघा. फुकटचं काम आहे.

वेलबुट्टी
बघितलं! बारीक काळ्या पट्टीने थोडा फरक, दुप्पट रुंद लावली तर बराच. किंचित तिरकं वाटतं अजून, पण चालेल. घरातले म्हणतात आता नक्षी मुद्दाम केल्यासारखी दिसते. रिबन साटीनची आणू का? काळी साटीन घरात आहे.

टीपकागद
साटीन शिवताना घसरते. वॉकिंग फूट.

रेघोटी
साटीन नको. चमकते, त्यामुळे उजेड पडला की काळी असूनही राखाडी दिसेल आणि भास परत वाढेल. सुती, बिनचमकीची घ्या.