गोट्या पुरण्याच्या टेस्टवरून ओसीडीचा मेकॅनिझम लिहिता येतो का?

एमफार्म_पुणे:
नमस्कार मंडळी. स्विस अल्बिनो माइसवर (पांढऱ्या उंदरांवर) गोट्या पुरण्याची टेस्ट चालू आहे, म्हणजे पिंजऱ्यातल्या तुसावर ठेवलेल्या गोट्यांपैकी उंदीर किती पुरतो ते मोजायचं. ओसीडी (तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मनोविकार) तपासायला ही वापरतात. फ्लुऑक्सेटिन (ओसीडीवरचं औषध) १० मिग्रॅ प्रति किलो आयपी (पोटात टोचून), अर्ध्या तासाने टेस्ट. औषधाच्या ग्रुपमध्ये पुरलेल्या गोट्या कमी होतात, पण कंट्रोलमध्येच (औषध न दिलेल्या ग्रुपमध्ये) कुणी चार पुरतो, कुणी सोळा. शिवाय गाइड म्हणतात, चर्चेत 'कॉर्टेक्स-स्ट्रायटम सर्किटवर परिणाम' असं लिही (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, स्ट्रायटम म्हणजे आतला सवयी-हालचालींचा भाग). एवढ्या डेटावर ते चालेल का?

तूस_आणि_गोट्या:
आधी कंट्रोलचं बघा. तूस किमान ५ सेंमी हवा आणि हाताने हलका दाबून सपाट केलेला. भाताचा तूस हलका असतो, न दाबता भरला की उंदीर नुसता फिरला तरी गोट्या आपोआप खाली जातात. मग तुम्ही मोजता ते पुरणं नव्हे, बुडणं. २० गोट्या, ४ × ५ च्या ओळींत, ३० मिनिटं, दोन तृतीयांश झाकली तरच 'पुरली'. वरून फोटो काढा आणि कुठला ग्रुप हे माहीत नसलेल्या माणसाकडून मोजून घ्या. बोहरी आळीतल्या साध्या काचेच्या गोट्या चालतात, फक्त सगळ्या एका मापाच्या घ्या. दर उंदरामागे बिनवासाच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

औषध मेडिकलमधली कॅप्सूल फोडून देत असाल तर थांबा. त्यातला स्टार्च विरघळत नाही, पोटात टोचायला ते योग्य नाही. शुद्ध पावडर घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ मिग्रॅ प्रति मिली करा. २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिली.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा ॲनिमल हाउसचा टायमर मागे पडतो का, तेही तपासा. उजेड-अंधाराचं चक्र सरकलं की आकडे पसरतात.

स्ट्रायटम:
गाइडचं वाक्य लिहू नका. एका डोसनंतर अर्ध्या तासात जे कमी होतं ते ओसीडी कसं? माणसात याच औषधाला ८ ते १२ आठवडे लागतात. डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधानेही पुरणं कमी होतं आणि ते काही ओसीडीचं औषध नाही.

सर्किटचा पुरावा दुसरीकडून आला आहे. २००७ मध्ये सॅपॅप३ जीन काढलेले माइस आले. या जीनचं प्रोटीन स्ट्रायटममधल्या ग्लुटामेट सिनॅप्सच्या (ग्लुटामेट या रसायनाने निरोप देणाऱ्या न्यूरॉनमधल्या जोडांच्या) पलीकडच्या बाजूला रिसेप्टर बांधून ठेवणाऱ्या सांगाड्याचा भाग आहे. ते नसलं की उंदीर स्वतःला इतका चाटतो-खाजवतो की तोंडावर जखमा होतात. फ्लुऑक्सेटिन ५ मिग्रॅ प्रति किलो सहा दिवस दिल्यावर फरक पडला, एका डोसने नाही. सातव्या दिवसाच्या पिल्लांच्या स्ट्रायटममध्ये व्हायरसने जीन परत घातल्यावरही लक्षणं टळली, म्हणजे बिघाडाची जागा तिथेच.

खरी गंमत २०१३ ची. एकाच वेळी दोन पेपर आले. पहिल्यात साध्या माइसमध्ये ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सकडून (डोळ्यांच्या वरच्या भागाकडून) स्ट्रायटमच्या खालच्या-आतल्या भागात जाणारे तंतू रोज ५ मिनिटं, सलग ५ दिवस प्रकाशाने चेतवले. पहिल्या दिवशी काहीच नाही. मग रोज ग्रूमिंग (स्वतःला चाटणं-साफ करणं) वाढत गेलं आणि चेतवणं थांबवल्यावरही दोन आठवडे टिकलं. दुसऱ्यात सॅपॅप३ नसलेल्या माइसमध्ये त्याच कॉर्टेक्सची बाहेरची बाजू चेतवली, तर ग्रूमिंग उलट थांबलं! या सॅपॅप३ नसलेल्या माइसमध्ये स्ट्रायटममधले वेगाने फायर होणारे, पार्व्हाल्ब्युमिन हे प्रोटीन असलेले इंटरन्यूरॉन (शेजारच्या न्यूरॉनना आवरणारे छोटे न्यूरॉन) कमी होते. कॉर्टेक्सच्या सिग्नलने उरलेले जागे झाले आणि मुख्य न्यूरॉनना लगाम बसला.

म्हणजे 'कॉर्टेक्स जास्त चालला की ओसीडी' हे समीकरणच कच्चं आहे. कुठला तंतू, एकदा की रोज, निरोगी उंदीर की म्युटंट (जीन काढलेला), यावर उत्तर उलटतं. तुमच्या गोट्या यातलं काहीच सांगत नाहीत. 'पुनरावृत्तीच्या वर्तनावर औषधाचा परिणाम' इतकंच लिहा.

एमफार्म_पुणे:
धन्यवाद सर. म्युटंट माइस इथे मिळणं अवघड आहे. आहे त्यातच ग्रूमिंग मोजलं तर थोडं पुढे जाता येईल का?

तूस_आणि_गोट्या:
येईल. रिकाम्या स्वच्छ पिंजऱ्यात १० मिनिटं रुळू द्या, पुढची १० मिनिटं व्हिडिओ. फक्त सेकंद मोजू नका, क्रम बघा. नाकाभोवती लहान फेऱ्या, मग तोंडावर हात, मग दोन्ही हात कानांमागून, शेवटी अंग चाटणं. क्रम मध्येच तुटत असेल तर ताण समजा. एकाच पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या मिशा गेल्या आणि एकाच्याच शाबूत असतील, तर तो बाकीच्यांच्या मिशा कुरतडतोय. तो पिंजरा वगळा. अंगावरच्या किडींचीही तपासणी करून घ्या.

नदीपात्राजवळ ॲनिमल हाउस असेल तर ढोल-ताशाच्या सरावाचे दिवस टाळा. आवाजाने ग्रूमिंग वाढतं आणि औषधाचा असर झाकला जातो.

स्ट्रायटम:
टेस्ट वाढवायची तर आधी एथिक्स कमिटीकडून प्रोटोकॉलमध्ये बदल मंजूर करून घ्या. आणि ॲक्टोफोटोमीटर (उंदराची हालचाल मोजणारं यंत्र) लावाच. गुंगी आलेला उंदीरही गोट्या पुरत नाही, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.