सर्व्हरचा आयपी बदलला, सगळीकडे नवा टाकला तरी कनेक्ट होत नाहीये

कंटाळलेला_अ‍ॅडमिन:
मंडळी मदत करा, कालपासून डोकं चालत नाहीये. एक लिनक्स मशीन आहे त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि सात-आठ मशीन्स नेटवर्कवरून त्याला कनेक्ट होतात. वर्षभर काही त्रास नाही. परवा रात्री लाइट गेली, सगळं बंद पडलं, राउटरपण. सकाळी चालू केलं तर सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.२३ होता तो ४१ झालेला. ठीक आहे म्हटलं, एकेका मशीनवर जाऊन अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये ४१ टाकला. तरी "कनेक्शन रिफ्यूज्ड". सर्व्हरवरच बसून लोकलहोस्टने (म्हणजे त्याच मशीनवरून स्वतःलाच) लॉगिन केलं की एकदम मस्त चालतंय. ४१ ला पिंग जातो. आणि गंमत म्हणजे जुन्या २३ ला पण पिंग जातोय!! म्हणजे मशीनला दोन आयपी झाले का? फायरवॉल बंद करून बघितली, काही फरक नाही. पोस्टग्रेस काढून परत टाकू का? बॅकअप आहे पण तीन दिवसांपूर्वीचा.

हळूहळू_लोड:
राउटर एकदा रिस्टार्ट करून बघा, माझं नेहमी होतं त्याने.

पोर्ट_बावीस:
राउटर रिस्टार्ट केला तर आयपी तिसराच मिळायचा, नको ते. आणि पोस्टग्रेसला तर हातच लावू नका, तुमचा डेटा शाबूत आहे, लोकलहोस्टने चालतंय म्हणजे डेटाबेस ठणठणीत आहे.

आधी एरर नीट वाचा, त्यात अर्धं उत्तर आहे. "रिफ्यूज्ड" आणि "टाइम्ड आउट" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हीला एकच "कनेक्ट होत नाही" म्हणतात. टाइम्ड आउट म्हणजे तुमचं पॅकेट गेलं आणि पलीकडून कोणी हूं की चूं केलं नाही, बहुतेक वेळा फायरवॉलने गिळलेलं असतं किंवा वाटेत रस्ता तुटलेला असतो. रिफ्यूज्ड म्हणजे पलीकडचं मशीन जिवंत आहे, त्याने दार वाजलेलं ऐकलं आणि सांगितलं की या पोर्टवर आमच्याकडे कोणी बसलेलं नाही. (फायरवॉलला मुद्दाम नकार पाठवायला सांगितलं असेल तरी रिफ्यूज्ड येतं, पण तुम्ही ती बंद करून बघितलीय.) म्हणजे ४१ वर ५४३२ पोर्टला (पोस्टग्रेसचं नेहमीचं दार) कोणी ऐकतच नाहीये.

सर्व्हरवर "एसएस" कमांडने ऐकणारे पोर्ट बघा. ५४३२ च्या समोर काय दिसतं ते इथे टाका. माझा अंदाज, फक्त १२७.०.०.१, म्हणजे लोकलहोस्टचा पत्ता दिसेल.

आणि २३ ला पिंग जातो ते दोन आयपीमुळे नाही. कुठल्याही मशीनवर एआरपी टेबल (कुठला आयपी कोणत्या मशीनकडे आहे ती यादी) बघा, २३ समोर नेटवर्क कार्डचा नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस कोणाचा आहे. तुमचा जुना आयपी राउटरने दुसऱ्या कोणालातरी देऊन टाकलाय.

कंटाळलेला_अ‍ॅडमिन:
दादा बरोबर!! फक्त १२७.०.०.१:५४३२ दिसतंय. आणि २३ वर बसलाय तो प्रिंटर 😐 म्हणजे काल एका मशीनवर कॉन्फिग बदलायचं राहिलं होतं तिथे पण रिफ्यूज्डच येत होतं, ते प्रिंटर रिफ्यूज करत होता?

पोर्ट_बावीस:
हो, प्रिंटरच नाही म्हणत होता, त्याच्याकडे डेटाबेस कुठून येणार. म्हणून आयपी बदलल्यावर नुसत्या पिंगवर विश्वास ठेवायचा नाही. पिंग सांगतो की त्या पत्त्यावर कोणीतरी आहे, कोण आहे ते नाही सांगत.

आता पोस्टग्रेसच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये "लिसन अ‍ॅड्रेसेस" ची ओळ बघा. कोणीतरी तिथे लोकलहोस्ट आणि १९२.१६८.१.२३ असं दोन्ही लिहिलेलं असणार. बूट झाल्यावर पोस्टग्रेसने २३ वर बसायचा प्रयत्न केला, तो आयपी या मशीनचा राहिलाच नाही म्हणून जमलं नाही, पण लोकलहोस्टवर बसता आलं म्हणून लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकून निवांत चालू झालं. एकाही पत्त्यावर बसता आलं नसतं तर चालूच झालं नसतं आणि मग तुम्हाला पाच मिनिटांत कळलं असतं. अर्धवट चालू होणं जास्त वाईट.

तिथे २३ च्या जागी ४१ टाकू नका हां, परत तेच होईल. सरळ स्टार टाका म्हणजे सगळ्या इंटरफेसवर ऐकेल, आणि बाहेरच्यांना अडवायचं काम फायरवॉलला द्या, आता बंद केलीय ती परत चालू करा. ही सेटिंग बदलल्यावर रिलोड पुरत नाही, रिस्टार्ट लागतो.

टेबल_जॉइन:
स्टार टाकण्याबद्दल +१, आणि याचा अजून एक फायदा. ठरावीक आयपी लिहिला असेल तर कधीकधी आयपी न बदलताही हाच घोळ होतो, बूट होताना नेटवर्क यायच्या आधी सर्व्हिस उठते, त्या क्षणी मशीनला आयपीच नसतो, बसता येत नाही. हाताने रिस्टार्ट केलं की चालतं म्हणून कारण सापडत नाही. मी यात एक अख्खा शनिवार घालवलाय.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी, तिकडे ही ओळ "बाइंड अ‍ॅड्रेस" नावाने असते, पोर्ट ३३०६.

कंटाळलेला_अ‍ॅडमिन:
स्टार टाकला, रिस्टार्ट केलं, रिफ्यूज्ड गेलं! पण आता पाच मशीन्स चालू आणि तीन मशीनवर नवीनच एरर, "नो पीजी एचबीए एंट्री फॉर होस्ट" आणि पुढे त्या मशीनचा आयपी. आयपी तर सर्व्हरचा बदलला ना, या मशीन्सना काय झालं?

टेबल_जॉइन:
आयपी फक्त सर्व्हरचाच बदलला असं कोणी सांगितलं तुम्हाला 🙂 राउटर बंद पडला, बऱ्याच राउटरमध्ये कोणाला कुठला आयपी दिला ती यादी बंद झाल्यावर पुसली जाते, मग सकाळी जो आधी उठला त्याने आधी उचलला. तुमच्या त्या तीन मशीन्सचेही आयपी बदललेत. एचबीए फाइलमध्ये कोणाला आत घ्यायचं ती यादी असते आणि ती क्लायंटच्या आयपीवर चालते, त्यात एकेका मशीनची ओळ असणार, शेवटी /३२ लावून (म्हणजे तेवढा एकच आयपी). त्याऐवजी १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे) अशी एकच ओळ टाका, पासवर्ड पद्धत स्क्रॅमवाली ठेवा. घाईत "ट्रस्ट" लिहू नका, तो बिनपासवर्डचा प्रवेश आहे. इथे मात्र रिलोड पुरतो, चालू असलेली कनेक्शन्स तुटत नाहीत.

ही एरर आली म्हणजे खरं तर चांगली खूण आहे, नेटवर्कचा भाग संपला, तुम्ही डेटाबेसच्या दारापर्यंत पोचलात. मायएसक्यूएलमध्ये याच जागी ११३० नंबरची एरर येते कारण तिथे युजरच्या नावालाच होस्ट चिकटलेला असतो.

कंटाळलेला_अ‍ॅडमिन:
आठही चालू!!! खूप आभार. आता हे परत होऊ नये म्हणून सर्व्हरला स्टॅटिक ४१ देऊन टाकतो.

डीएचसीपी_पीडित:
थांबा थांबा. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीची (राउटर आपोआप आयपी वाटतो ती सोय) रेंज बघा आधी. समजा राउटर २ ते २०० वाटतोय आणि तुम्ही मशीनवर हाताने ४१ लिहिला, तर राउटरला ते माहीतच नाही, सर्व्हर थोडा वेळ बंद असताना ४१ तो दुसऱ्याला देऊन टाकेल. मग एकाच आयपीवर दोघं, आणि कनेक्शन कधी लागतं कधी नाही. ती बिमारी आत्ताच्यापेक्षा वाईट, कारण एरर दर वेळी वेगळी.

दोन मार्ग आहेत. एक तर रेंजच्या बाहेरचा आयपी स्टॅटिक द्या, किंवा मशीन डीएचसीपीवरच ठेवा आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसला आयपी राखून ठेवा. मला दुसरा आवडतो, सगळे पत्ते एका जागी दिसतात. फक्त मॅक केबलच्या कार्डचा घ्या, वायफायचा वेगळा असतो, आणि सर्व्हरवर दोन्ही चालू असतील तर दोन आयपी मिळतात, वायफाय बंदच करा ना सर्व्हरवर कशाला पाहिजे. लॅपटॉप, फोन यांना आयपी राखून द्यायचा असेल तर "प्रायव्हेट अ‍ॅड्रेस" किंवा रँडम मॅक नावाची सेटिंग बघा, ती चालू असली की राउटरला खरा मॅक दिसतच नाही.

लीजची (राउटरने ठरावीक काळासाठी दिलेला आयपी) मुदत वाढवून हा प्रश्न सुटत नाही, लोक तेही सुचवतात. मशीन चालू असेल तर अर्धी मुदत संपली की तेच नूतनीकरण मागतं, २४ तासांची लीज असेल तर १२ तासांनी, आणि सहसा तोच आयपी परत मिळतो. घोळ होतो तो राउटरच यादी विसरला की.

पोर्ट_बावीस:
सहमत, पण मी स्टॅटिकवालाच आहे, राउटर बदलला की राखून ठेवलेलं सगळं जातं. उबंटूवर नेटप्लॅन (नेटवर्क सेटिंगचं टूल) असेल आणि लांबून बदल करणार असाल तर "अप्लाय" च्या ऐवजी "ट्राय" वापरा, १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. नाहीतर स्वतःच स्वतःला बाहेर काढून कुलूप लावल्यासारखं होतं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही आठ मशीनवर फिरून आठदा ४१ लिहिला, ते चुकलं. आयपी एकाच जागी लिहा आणि बाकी सगळीकडे नाव वापरा. राउटरमध्ये लोकल डीएनएसची (नावावरून आयपी सांगणारी) सोय असेल तर तिथे "डेटाबेस" किंवा काही नाव द्या. नसेल तर लिनक्स मशीनवर अवाही चालू करा, मग मशीनचं नाव डॉट लोकल असं वापरता येतं, एकाच नेटवर्कमध्ये पुरतं.

कंटाळलेला_अ‍ॅडमिन:
शेवटचा त्रास, मग सोडतो तुम्हाला. आयपी राखून ठेवला, यावेळी रेंजबाहेरचा २१० दिला, राउटरमध्ये नाव दिलं, सगळ्या कॉन्फिगमध्ये नाव टाकलं. दोन गोष्टी अडल्यात. १) रिपोर्टचं वेबपेज दुसऱ्या मशीनवरच्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमधून सर्व्हरच्या अ‍ॅपकडे जातं, तिथे ५०४ (गेटवे टाइमआउट) येतंय, जरी त्याच मशीनवरून नावाला पिंग २१० वर बरोबर जातोय. आयपी बदलायच्या आधी नाव टाकून रिलोड केलं होतं तेव्हा चाललं होतं. २) माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हरवर एसएसएच (लांबून लॉगिन) केलं तर मोठ्ठी वॉर्निंग, रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड, कोणीतरी हॅक केलंय असं लिहिलंय.

टेबल_जॉइन:
१) एन्जिनएक्स कॉन्फिगमधलं नाव चालू होताना एकदाच सोडवतं आणि मिळालेला आयपी धरून बसतं, तेव्हा ४१ मिळाला होता, अजून तिकडेच पाठवतंय. परत रिलोड करा, होईल. आणि तिकडून काही उत्तरच येत नाही म्हणून रिफ्यूज्ड नाही, टाइमआउट, म्हणून ५०४. पोर्ट_बावीस यांनी वर सांगितलेलंच.

पोर्ट_बावीस:
२) पूर्वी २१० वर दुसरं कुठलं मशीन होतं का? तुमच्या लॅपटॉपच्या नोन होस्ट्स फाइलमध्ये त्याची की त्या आयपीखाली जपून ठेवलेली असेल, आता त्या पत्त्यावर वेगळी की दिसली म्हणून ओरडतंय. बहुतेक निरुपद्रवी आहे, पण डोळे मिटून जुनी की उडवू नका. सर्व्हरसमोर बसून एसएसएच कीजेनने होस्ट कीचा फिंगरप्रिंट काढा, लॅपटॉपवर दिसतोय त्याच्याशी जुळवा, जुळला तरच एसएसएच कीजेनच्या मोठ्या आर पर्यायाने ती जुनी नोंद काढा.

कंटाळलेला_अ‍ॅडमिन:
हो, २१० वर जुनं टेस्ट मशीन होतं, मागच्या वर्षी काढून टाकलेलं. फिंगरप्रिंट जुळला, नोंद काढली. एन्जिनएक्स रिलोडने लगेच चालू. तरी एका मशीनवर नाव अजून २३ वर जात होतं, अर्धा तास शोधलं, त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरचीच नाव-आयपीची यादी) एक ओळ सापडली आणि वर कमेंट, "तात्पुरतं, नंतर काढणे". अक्षर नाही पण भाषा माझीच आहे 🙈