सल्ला हवा : तिक्सिए-विन्यांकूर यांचा अभ्यास कुठून सुरू करावा?

पानगळ
फ्रान्समधल्या कडव्या उजव्या राजकारणावर दीर्घ लेख लिहायचा आहे. त्यात झाँ-लुई तिक्सिए-विन्यांकूर (१९०७–१९८९) यांच्यावर एक भाग हवा. बहुतेक ठिकाणी '१९६५ चे अध्यक्षपदाचे उमेदवार' एवढ्यावरच बोळवण केलेली दिसते. क्रम कसा लावावा? कुठे चुका होतात?

जुनी कात्रणं
१९६५ पासून अजिबात सुरुवात करू नका. मे १९६२ चा जनरल सालाँ यांचा खटला आधी घ्या. या माणसाचं राजकारण त्या कोर्टातून आलं आहे.

तारखा शेजारी-शेजारी लिहून काढा. अल्जीरिया फ्रान्सकडेच राहावं म्हणून बॉम्ब आणि खून यांचा मार्ग धरलेल्या ओएएस या गुप्त संघटनेचे सालाँ प्रमुख, जनरल जुओ त्यांच्या हाताखालचे. १३ एप्रिल १९६२ ला उच्च लष्करी न्यायाधिकरणानं जुओंना फाशीची शिक्षा दिली. मग २३ मे ला त्याच न्यायाधिकरणानं सालाँना 'शिक्षा सौम्य करणारी परिस्थिती' मान्य करून जन्मठेप दिली. हाताखालच्याला मृत्युदंड आणि म्होरक्याला जन्मठेप! बचावाचे प्रमुख वकील तिक्सिए-विन्यांकूर. त्यांनी खटल्याचा रोख आरोपीवरून सरकारच्या अल्जीरिया धोरणाकडे वळवला. साक्षीदारांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रांस्वा मितराँही होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कलम आणि कायदा
वरच्या प्रतिसादाला पुरवणी. लेखकांची खरी गफलत या निकालानंतरच्या घडामोडींत होते, म्हणून जरा सविस्तर.

राष्ट्राध्यक्ष द गॉल इतके संतापले की ते न्यायाधिकरणच बरखास्त झालं आणि १ जून १९६२ च्या वटहुकमानं 'लष्करी न्याय न्यायालय' उभं राहिलं. त्याच्या निकालावर अपीलच नव्हतं. १९ ऑक्टोबरला कौन्सिल ऑफ स्टेटनं (फ्रान्सचं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय) 'कानाल' प्रकरणात तो वटहुकूम रद्द केला. तरीही २२ ऑगस्टला पेती-क्लामार इथे द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार करवणाऱ्या बास्त्याँ-तिरी यांचा खटला जानेवारी १९६३ मध्ये त्याच न्यायालयापुढे सुरू झाला. कसा? संसदेनं मध्ये कायदा करून त्याला मुदत दिली म्हणून. हा दुवा गाळला तर वाचकाला सगळं विसंगत वाटेल. इथेही बचावाच्या वकिलांत तिक्सिए-विन्यांकूर होतेच. ११ मार्च १९६३ ला इवरीच्या किल्ल्यात बास्त्याँ-तिरींना गोळ्या घातल्या गेल्या.

तिक्सिए-विन्यांकूर यांचं वकिली कसब जवळून बघायचं तर १९५१ चं प्रकरण घ्या. सेलीन या लेखकाला नाझींशी संबंधांबद्दल गैरहजेरीत शिक्षा झाली होती. माफीचा अर्ज गेला तो 'देतूश' या त्यांच्या खऱ्या आडनावानं, पहिल्या महायुद्धातला जखमी सैनिक म्हणून. लष्करी न्यायालयानं माफी देऊन टाकली. आपण कुणाला सोडतोय हे न्यायाधीशांच्या लक्षातच आलं नाही.

पानगळ
हे फार उपयोगी पडलं. निवडणुकीचे आकडे आणि व्हिशीचा काळ कसा मांडू?

मतपेटी
व्हिशी, म्हणजे १९४० नंतरचं नाझींशी सहकार्य करणारं मार्शल पेतँ यांचं सरकार, गाळू नका आणि मवाळही करू नका. १९३६ पासून खासदार. १० जुलै १९४० ला पेतँ यांना सर्वाधिकार देण्याच्या बाजूनं मत. मग व्हिशी सरकारच्या माहिती खात्यात रेडिओ आणि चित्रपट. म्हणूनच युद्धानंतर काही वर्षं निवडणूक लढवायला बंदी होती. १९५६ ला ते पुन्हा निवडून आले, १९५८ ला पडले.

५ डिसेंबर १९६५ ची पहिली फेरी : द गॉल ४४.६५ टक्के, मितराँ ३१.७२, मध्यममार्गी लकान्युए १५.५७, तिक्सिए-विन्यांकूर ५.२० (सुमारे १२ लाख ६० हजार मतं). प्रचारप्रमुख होते झाँ-मारी ल पेन, पुढे कडव्या उजव्या नॅशनल फ्रंटचे नेते. उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यांवरून प्रचाराचा ताफा फिरला होता. जोर भूमध्य किनाऱ्याकडे होता, कारण अल्जीरियातून आलेले फ्रेंच कुटुंबकबिले तिथे स्थिरावले होते. माझ्या मते लकान्युए उतरले तिथेच तिक्सिए-विन्यांकूर यांची वाट अडली : द गॉल नको असलेल्या मवाळ उजव्या मतदाराला सभ्य पर्याय मिळाला. दुसऱ्या फेरीत तिक्सिए-विन्यांकूर यांनी पाठिंबा दिला तो समाजवादी-साम्यवाद्यांच्या पाठबळावर उभ्या असलेल्या मितराँना! द गॉलविरोध किती खोल होता ते यातून कळतं.

आकडे घेताना तक्ता फक्त युरोपातल्या फ्रान्सचा आहे की सागरापलीकडच्या प्रदेशांसह, हे आधी बघा. वरचे आकडे सगळे धरून आहेत.

जुनी कात्रणं
शोधताना दोन खड्डे. रोमन लिपीत नावाचं शेवटचं अक्षर 'आर' आहे. काहीजण पुढे 'टी' लावतात, म्हणून दोन्ही लिहून शोधा. आणि १९५४ मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाचं नाव 'रासांब्लमाँ नास्योनाल' होतं. आजचा त्याच नावाचा पक्ष म्हणजे २०१८ मध्ये नाव बदललेला नॅशनल फ्रंट. दोन्हींचा धागा थेट जोडलात तर लेख तिथेच फसेल.

खासदारकीच्या तारखांसाठी नॅशनल असेंब्लीचा 'सिकोमोर' हा कोश बघा, 'कानाल' निकाल कौन्सिल ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर आहे, १९६५ ची चित्रफीत हवी तर 'इना' या फ्रान्सच्या दृक्‌श्राव्य संस्थेचा संग्रह.