गोपनीय शिक्का यंत्राच्या हाती द्यायचा का?

कृष्णाकाठ (सांगली)
परवा विश्रामबागेत चहा पिताना मेहुणा म्हणाला, "सरकारच्या गुप्त फायली एआयकडं द्या, कुठली गुप्त ठेवायची, कुठली खुली करायची, मिनिटात लावून देईल." तेव्हापासून डोक्यात भुंगा. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानंच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका म्हणून कळवलं. बाहेरच्या सर्व्हरवर गेलेला कागद परत येत नाही, हे झालंच. पण यंत्र सरकारच्या तळघरात, इंटरनेटविना ठेवलं तरी मला नको. गुपित टिकतं ते एकाला सगळं ठाऊक नसल्यामुळं. बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी दाखवतात ना, त्या धंद्यात ज्याचं जेवढं काम त्याला तेवढीच खबर. सगळ्या नस्त्या वाचलेलं यंत्र म्हणजे सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात.

बस्ता_रुमाल (सातारा)
दादा, किल्ल्यांचं नंतर, आधी कुलपं कशाला लावलीत ते बघा. महसुलात 31 वर्षं काढली मी. आमच्याकडं अ, ब, क, ड अशी प्रतवारी: अ कायम, ब 30 वर्षं, ड वर्षभरात रद्दी. पण ती कागद किती दिवस ठेवायचा तेवढंच सांगते. 'गोपनीय' शिक्का साहेबाच्या मर्जीवर. टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता लाख लावलेल्या लखोट्यात गेलेला पाहिलाय. का? तर वरून पत्र तसंच आलं होतं! 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यात 'गुपित' म्हणजे काय याची व्याख्याच नाही. मग शिक्का मारलेला बरा, मारला म्हणून कुणी जाब विचारत नाही. उतरवायला मात्र कुणी बसत नाही. अमेरिकेत 25 वर्षांनी कागद खुले करायचा नियम आहे, पण ढीग आवरेना. म्हणून त्यांच्या परराष्ट्र खात्यानं 1997 च्या तारा, म्हणजे वकिलातींचे संदेश, यंत्राकडून तपासून बघितल्या. माणसांच्या निकालाशी बहुतेक जुळल्या.

माजी_सुभेदार (अपशिंगे मिलिटरी)
'बहुतेक'वर थांबू नका. न जुळलेल्या कुठल्या, ते सांगा.
रेशनचा आकडा, रजेची यादी, डिझेलची पावती. सुटी सुटी कुणीही वाचावी. तिन्ही शेजारी ठेवली की तुकडी कुठं आहे, किती माणसांची आहे, कधी हलणार, सगळं उघडं. यातल्या एकाही कागदावर शिक्का नसतो.

बस्ता_रुमाल
साहेब, मग ही सांगड पकडणार कोण? ते तीन कागद तीन कारकुनांच्या टेबलावर. यंत्रच लागेल की.

माजी_सुभेदार
लागेल, मान्य. पण ज्या दिवशी ते सांगड घालायला शिकलं, त्या दिवशी शत्रूला फायली चोरायची गरज उरली नाही. ते यंत्र चोरलं की झालं.

वाळव्याची_पोर
तुम्ही लपवायचं बोलताय, मला सापडायचंच वांधे. पणजोबा प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते. 7 जून 1943 ला शेणोलीला रेल्वे लुटली, त्या काळातले पोलिसांचे कागद मागितले. माहितीच्या अधिकारात 20 वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, सुरक्षेसारखे काही अपवाद सोडले तर, द्यावीच लागते. उत्तर आलं: "अभिलेख आढळून येत नाही." गुप्त नव्हे हो, आढळत नाही! आधी ह्या रद्दीत यंत्र सोडा की, चालू गुपितं राहू द्या साहेबांच्या कपाटात.

कृष्णाकाठ
ताई, तुमच्या कामाला माझा विरोध नाही. 1943 चे कागद खुशाल वाचू दे. आजच्या फायलींना नको, एवढंच.

बस्ता_रुमाल
आजच्यालाही मधली वाट आहे. शिफारस यंत्राची, सही अधिकाऱ्याची. चुकलं तर मान कुणाची धरायची हे ठरलेलं.

कृष्णाकाठ
सही करणारा वाचणार आहे का पण? टेबलावर तीनशे शिफारशी आणि सहाची एसटी. 31 वर्षांत किती नस्त्या वाचून पुढं सरकवल्या, सांगा बरं.

बस्ता_रुमाल
पहिली पाच वर्षं सगळ्या वाचल्या. पुढं फक्त खालच्या टिपणीवर कुणाची सही आहे ते बघायचो.